अनुभव धागा : हवा तो वाद्याचा आवाज शोधायचा कसा, ऐकून पारखायचा कसा?

धागाकर्ता
भीमगीत असो, गणपतीचं भजन असो की बर्डीवरच्या दुकानाची जाहिरात, नागपुरातली बरीच गाणी आता घरच्या खोलीत संगणकावरच उभी राहतात. वाद्यांच्या तयार आवाजांच्या लायब्ऱ्यांची कमी नाही, पण नेमकी सनई हवी असली की यादी सरकवता सरकवता चाल डोक्यातून जाते. तुम्ही आवाज कसा शोधता, लोड करण्याआधी कसा ऐकता, फसगत कुठे होते? सॉफ्टवेअरचं नाव घालून नेमकं लिहा.

काळी_पाच
कंपनीचा डेमो ऐकून प्रीसेट, म्हणजे वाद्याचा तयार जुळवलेला आवाज, ठरवू नका. गाण्यातलीच चार बारची मिडी क्लिप (मिडी म्हणजे आवाज नव्हे, कोणता स्वर किती जोरात वाजवायचा याची नोंद) लूपवर लावा आणि ती वाजत असताना प्रीसेट बदला. क्लिपमध्ये एक लांब स्वर हवा, एक जलद तान हवी आणि एकच स्वर ४०, ८० व ११० वेलॉसिटीला, म्हणजे पट्टी दाबण्याच्या जोराला, वाजलेला हवा. तिन्ही वेळा फक्त आवाज लहान-मोठा झाला, पोत तोच राहिला, तर आत सॅम्पलचा, म्हणजे वाद्याच्या रेकॉर्डिंगचा, एकच थर आहे असं समजा.

पट्टी गायकाचीच ठेवा. सी मध्ये गोड लागणारी बासरी काळी पाचला, म्हणजे ए शार्पला, पिचकते. तपासायला अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर चढा. वर जाताना स्वराचं आंदोलन जलद होत गेलं तर एकच सॅम्पल ताणलेला आहे. अचानक पोत बदलला तर तिथून दुसरा सॅम्पल सुरू झाला. तुमची चाल नेमकी त्या सांध्यावरून ये-जा करत असेल तर तो प्रीसेट सोडा.

मग रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) बंद करा. निम्मे प्रीसेट इथेच गळतात! शेवटी पातळी: प्रत्येक प्रीसेटचा पीक, म्हणजे सर्वात मोठा आवाज, साधारण उणे १२ डीबीला आणूनच तुलना करा, नाहीतर जो मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो.

धरमपेठ_बेस
मी गाणी बनवायच्या एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरबद्दल लिहितो. त्याच्या ब्राउझरमधलं हेडफोनचं चिन्ह चालू असेल तर लाइव्हच्या स्वतःच्या प्रीसेटवर क्लिक करताच नमुना ऐकू येतो. आवाज येत नसेल तर आधी मेन ट्रॅकवरची क्यू व्हॉल्यूमची नॉब बघा, प्रीव्ह्यू तिथूनच जातो. हा नमुना आधीच रेकॉर्ड केलेला असतो, तुमची चाल त्यात नसते. म्हणून निवड करताना संगणकाच्या कीबोर्डवरचं Q अक्षर दाबून हॉट-स्वॅप करा, म्हणजे वाजता वाजता प्रीसेट बदला: क्लिप चालू ठेवायची, खालचा बाण, एंटर, पुन्हा खालचा बाण.

मिडीवाला_महाल
क्यूबेस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एफ-५ दाबून मीडियाबे, म्हणजे आवाज शोधायची खिडकी, उघडा. तिथे प्रीसेट ट्रॅकवर न टाकताही कीबोर्डने वाजवून बघता येतो, किंवा एखादी मिडी फाइल त्यावर वाजवता येते. आवडलेल्याला लगेच तारे द्या. पुढच्या वेळी फक्त तारेवाले गाळून घ्यायचे.

रेशीमबाग_रेकॉर्डर
काँटॅक्टवाल्यांसाठी (काँटॅक्ट म्हणजे सॅम्पलच्या लायब्ऱ्या वाजवणारं सॉफ्टवेअर). फुकटच्या काँटॅक्ट प्लेअरमध्ये, प्लेअरसाठीचा परवाना नसलेली लायब्ररी १५ मिनिटं चालते नि मग गप्प होते. लायब्ररी बिघडलेली नसते, तिला पूर्ण काँटॅक्ट लागतो. फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं की ‘सॅम्पल सापडत नाहीत’ अशी खिडकी येते. बॅच री-सेव्ह एकदा चालवा, सॅम्पलचे नवे पत्ते पॅचमध्ये, म्हणजे लायब्ररीतल्या वाद्याच्या फाइलमध्ये, जतन होतात आणि लोडिंगही जलद होतं. आधी फोल्डरची प्रत काढून ठेवा, कारण मूळ पॅचच बदलतात.

रॅम कमी असेल तर काँटॅक्टच्या पर्ज मेनूमधून सगळे सॅम्पल मेमरीतून काढा, चाल एकदा पूर्ण वाजवा, मग सॅम्पल पूल अपडेट करा. वाजलेलेच सॅम्पल मेमरीत राहतात.

बाप्पा_बीट्स
भाऊ, वाद्याचं प्लगइन उघडलं, मिडीचा दिवा लागून राहिला, पण आवाज येऊन नाही राहिला, तर लायब्ररीला शिव्या देऊ नका. ऑर्केस्ट्राच्या कित्येक पॅचमध्ये आवाजाची पातळी वेलॉसिटीवर नाही, मॉड व्हीलवर (वाजवायच्या कीबोर्डवरच्या चाकावर), म्हणजे सीसी-१ या मिडी कंट्रोलवर असते. ते शून्यावर असलं की काहून वाजंल? आधी ९० वर न्या. मग सीसी-११, म्हणजे एक्स्प्रेशन, बघा.

आणि एप्रिल-मे मध्ये कूलर सुरू असताना सुराची शेपूट स्पीकरवर तपासू नका. सितारीचा झणत्कार कुठे तुटला ते त्या घरघरीत कळत नाही. बंद कपांचा हेडफोन घाला, नाहीतर पाच मिनिटं कूलर बंद करा.

धागाकर्ता
एक विचारतो. लायब्ररीच्या पुस्तिकेत कीस्विच (वाजवण्याची पद्धत बदलणारी पट्टी) सी-० लिहिलाय, एफएल स्टुडिओ सॉफ्टवेअरमध्ये सी-० दाबला तर काहीच बदलत नाही. का?

मिडीवाला_महाल
नावाचा घोळ आहे. मिडीचा ६० नंबरचा स्वर काँटॅक्ट, क्यूबेस आणि लाइव्हमध्ये सी-३ आहे, रीपरमध्ये मूळ सेटिंगला सी-४ आणि एफएल स्टुडिओत सी-५. म्हणून काँटॅक्टचा सी-० एफएलमध्ये सी-२ वर, रीपरमध्ये सी-१ वर सापडेल. नावावर जाऊ नका, नंबर २४ बघा.

काळी_पाच
नंबरचाही घोळ असतोच. जनरल मिडीत, म्हणजे १२८ आवाजांच्या ठरलेल्या यादीत, सितार १०५ वर आणि सनई ११२ वर, पण ही मोजणी १ पासून. काही सॉफ्टवेअर ० पासून मोजतात, तिथे १०४ आणि १११ द्यायचे. चुकलं की सितारीच्या जागी बँजो येतो नि सनईच्या जागी टिणटिण घंटी. तबला आणि हार्मोनियम त्या १२८ च्या यादीत नाहीतच. पेटीसाठी २१ चं रीड ऑर्गन कामचलाऊ. खरी मींड हवी असेल तर पिच बेंडची (स्वर सरकवायच्या चाकाची) रेंज वाद्याच्या आतल्या सेटिंगमध्ये २ अर्ध्या स्वरांवरून १२ करा, आणि ही रेंज बदलू देतं की नाही ते वाद्य विकत घेण्याआधीच पुस्तिकेत बघा.