मदत हवी आहे: समलैंगिकता '५२ टक्के आनुवंशिक' हा आकडा वादविवादात वापरावा का?

तर्कट: आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा विषय आहे 'समलैंगिकता: जन्मजात की परिस्थितीजन्य'. जुळ्यांच्या अभ्यासातले ५२ आणि २२ टक्के सगळीकडे दिसतात. फरक काढून दुप्पट केला की ६० येतात. म्हणजे ६० टक्के जनुकं आणि ४० टक्के संगत-संस्कार, असं मांडलं तर चालेल का?

दशांशचिन्ह: नाही चालणार. दुपटीच्या सूत्रात सहसंबंध (दोघा जुळ्यांतलं साम्य किती घट्ट, याचं माप) घालायचे असतात. ५२ हा सहसंबंध नाही. बेली आणि पिलार्ड यांच्या १९९१च्या अभ्यासात ५६ समलिंगी पुरुषांपैकी २९ जणांचा एकबीज (जनुकं जवळपास सारखीच असलेला) जुळा भाऊही समलिंगी होता, ते हे ५२. द्विबीज जुळ्यांत (जनुकं साध्या सख्ख्या भावांइतकीच जुळणारे) ५४ पैकी १२, म्हणजे २२.

त्यातही मोठी गोची नमुन्याची आहे. माणसं जमवली समलिंगी वाचकांच्या नियतकालिकांत जाहिराती देऊन. ज्याचा जुळा भाऊही समलिंगी, तो अशा जाहिरातीला उत्तर देण्याची शक्यता जास्त. त्याच अभ्यासात दत्तक भावांमध्ये प्रमाण ११ टक्के आणि जुळ्या नसलेल्या सख्ख्या भावांमध्ये ९ च्या आसपास! हे नुसत्या जनुकांनी कसं समजावणार? पुढे बेली यांनीच ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या नोंदवहीतून माणसं घेतली (२०००), तेव्हा एकबीज पुरुषांचा आकडा २० टक्क्यांवर आला.

मधलीसुट्टी: आणि 'उरलेलं ते संस्कार' हे तर अजिबात म्हणू नका, परीक्षक तिथेच धरतील. २०१०च्या स्वीडिश अभ्यासात पुरुषांसाठी जनुकांचा वाटा साधारण ३४ ते ३९ टक्के निघाला आणि दोन्ही भावंडांना समान असलेल्या घरच्या वातावरणाचा शून्य. बाकीचं सगळं 'वैयक्तिक पर्यावरण' या खात्यात. त्यात गर्भाशयातले फरक, निव्वळ योगायोग, मोजमापातल्या चुकाही येतात.

तर्कट: मग 'गे जीन'? आणि मोठ्या भावांचा मुद्दा?

दशांशचिन्ह: एकच जनुक नाही. २०१९च्या अभ्यासात पावणेपाच लाखांहून जास्त लोक होते. जनुकसंचात ठळक जागा सापडल्या पाच, आणि त्या सगळ्या मिळून एक टक्काही फरक समजावत नाहीत. शिवाय तिथे विचारलं होतं 'स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीशी कधी लैंगिक संबंध आला का', ओढ कोणाकडे हे नव्हे. बहुतेक सगळे युरोपीय वंशाचे, म्हणून आपल्याकडे जपूनच लावा.

मोठ्या भावांबाबत: दर सख्ख्या मोठ्या भावामागे पुरुषात शक्यता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते, असा दावा आहे. ऐकायला प्रचंड वाटतं. मुळात २ टक्के धरले तर एका भावाने २.६ होतात, तीन भावांनी साडेचार. दावा फक्त मोठ्या भावांचा आहे, आणि त्यामागच्या सांख्यिकी पद्धतीवर २०२३ मध्ये गंभीर आक्षेप आले आहेत. तेही सांगा.

मधलीसुट्टी: समोरचा 'कारण कळलं की उपचार करता येतील' म्हणाला, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे 'उपचार' व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत, एवढं एक वाक्य पुरे. वेळ त्यावर घालवू नका, स्वीडिश आकड्यांवर घाला.