मदत हवी आहे: पद्मिनीचं पाणी जातं कुठे?

नमस्कार मंडळी. डिचोलीला आमच्याकडे बाबांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी आहे, पेट्रोल. दर दोनेकशे किलोमीटरला रेडिएटरमध्ये अर्धा लिटर कूलंट घालावं लागतं, आणि अंगणात एक थेंबही दिसत नाही. म्हापशापर्यंत गाडी ठीक असते. परवा केरीहून चोर्ला घाट चढताना मात्र तापमानाचा काटा वर सरकला आणि जीव धाकधुक झाला.

होज पाइप नवे आहेत, क्लिपा घट्ट. डिपस्टिकवरचं ऑइल दुधट नाही, धूरही पांढरा नाही, म्हणजे पाणी इंजिनाच्या आत जात नसावं. पण वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी हिरवट, वाळलेला थर दिसला. नखाने खरवडला तर भुकटी होऊन पडला. म्हणजे पंपाचा सील गेला का? गरम इंजिनावर गळलेलं तिथेच वाळत असेल, म्हणून थेंब दिसत नसेल? की रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झाल्याने दाब टिकत नाही?

मेकॅनिक थेट हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडू म्हणतो. मला वाटतं, आधी इंजिन थंड असताना प्रेशर टेस्ट करावी, म्हणजे रेडिएटरला हातपंपाने दाब देऊन कुठे गळतं ते बघावं. तो हातपंप डिचोली-म्हापसा भागात कोणाकडे मिळेल? बाबा पंच्याहत्तरीचे आहेत, गणपतीत ह्याच गाडीने गावी जायचं म्हणतात.