मुलाआधी सेविकेला आधार हवा

अंगणवाडीतील चार वर्षांचा मुलगा इतरांना चावतो, म्हणून त्याला थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे, असे आपण सुचवले आहे. मला वाटते, त्याआधी तज्ज्ञांनीच वर्गात यावे. या पद्धतीत सल्लागार म्हणून आलेला तज्ज्ञ मुलाला वेगळे काढून उपचार करत नाही. तो कोपऱ्यात बसून निरीक्षण करतो आणि सेविका व पालक यांच्यासोबत उपाय शोधतो.

राजारामपुरीतील एका बालवाडीत असे निरीक्षण झाले, तेव्हा लक्षात आले की मूल चावायचे ते नेमके ताटल्या वाटताना, गलका वाढला की. वाटपाचे काम त्याच्याकडेच सोपवल्यावर चावणे हळूहळू कमी झाले आणि बाईंचाही धीर वाढला, जे मला अधिक मोलाचे वाटते.

अमेरिकेत संशोधक वॉल्टर गिलियम यांच्या २००५ च्या अभ्यासात, ज्या शिक्षकांना असा सल्लागार उपलब्ध होता त्यांच्याकडून मुलांना बालवाडीतून काढून टाकण्याचे प्रमाण कमी आढळले. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य तपासणीला येतात, परंतु तेवढ्या वेळात एका मुलाची सकाळ पाहता येत नाही. ऊसतोडीच्या हंगामात नवी मुले दाखल होण्यापूर्वी निदान अंगणवाडी पर्यवेक्षिकांना तरी अशा निरीक्षणाचे प्रशिक्षण मिळावे.