दू फूची शैली नक्की कुठे बदलली?

अबोली: आठव्या शतकातला चिनी कवी दू फू, त्याची ताइशान पर्वतावरची कविता वाचली. विशीतला पोरगा डोंगराकडे बघून म्हणतो, एक दिवस शिखरावर जाईन आणि बाकीचे डोंगर खुजे दिसतील. मग एकदम ७६६ सालच्या, ख्वेइचौ गावी लिहिलेल्या शरदाच्या आठ कविता मराठीत आणायला घेतल्या आणि पहिलीतच अडले. हा तोच माणूस वाटत नाही. मधल्या तीस वर्षांत झालं काय?

रानवाट: मधलं ७५९ साल वाचा, सावकाश. त्या वर्षी त्याने नोकरी सोडली, बायकोमुलांना घेऊन छिनचौला, म्हणजे आजच्या कान्सू प्रांतात गेला. तिथून थंडीत थोंगकू गावी आणि तिथेही निभेना म्हणून वर्ष संपता संपता चेंगदू शहरात. दोन टप्पे, प्रत्येकी बारा कविता, बहुतेकींना वाटेतल्या जागांचीच नावं.

त्यातली चिखलाच्या डोंगराची कविता माझ्या मनातून जात नाही. सकाळी काळपट चिखलावरून चालत होतो, संध्याकाळी त्याच चिखलात. पांढरा घोडा काळा झाला, लहान पोर म्हातारं झालं. ताइशानचा डोंगर त्याच्या उमेदीएवढा उंच होता. हा डोंगर नुसता पार करायचाय, पोरासकट.

आणि थोंगकूची सात गाणी तर वाचाच. कंद खणायला पांढऱ्या लाकडी दांड्याची कुदळ घेऊन निघतो आणि त्या कुदळीलाच म्हणतो, माझा जीव तुझ्यावर आहे. बर्फात कंदाचे वेल सापडत नाहीत. रिकाम्या हाताने घरी येतो तर पोरं कण्हताहेत, चारी भिंती गप्प. इथून पुढे त्याच्या कवितेत कुठलीच वस्तू क्षुल्लक राहत नाही.

जुनीवही: मान्य, पण सगळं श्रेय वाटेला नको. ७५५ मध्ये सेनापती आन लूशानने राजाविरुद्ध केलेल्या बंडाने तो आधीच हलला होता. शिहाव गावात रात्री सैन्यासाठी माणसं पकडायला शिपाई येतो, म्हातारी स्वतःच जायला निघते, कवी नुसता ऐकतो. ती कविता या प्रवासाच्या आधीची आहे.

छंदही बघा. प्रवासाच्या चोवीस कविता जुन्या, मोकळ्या घडणीच्या आहेत. ओळी वाटेल तितक्या. शरदाच्या आठ मात्र कडक नियमांच्या: आठच ओळी, ओळीत सातच अक्षरं, मधल्या ओळींच्या दोन जोड्यांत एका ओळीतल्या शब्दासमोर दुसरीत त्याच जातीचा शब्द. वाटेवर सैल सोडलेलं सगळं त्याने ख्वेइचौत आवळून बांधलं. म्हणून तुम्ही अडलात. पहिल्या कवितेत शेवंती दोनदा ‘उघडते’ आणि त्याच क्रियापदावर जुने अश्रूही उघडतात. पुढच्या ओळीत नाव बांधलेली आहे, त्याच दोरीने मनही.

अबोली: तिथेच अडले होते! मी ‘उमलली’ घेतलं होतं, त्यात अश्रू बसेनात.

रानवाट: ‘फुटणे’ घेऊन बघा. कळी फुटते, रडूही फुटतं.