मदत हवी आहे: आईबाबांच्या फोनला नुसत्या कॉलिंगचा रिचार्ज कोणता परवडेल?

आईबाबा संगमेश्वरजवळच्या गावी, मी पुण्यात. दोघांच्या मोबाइलचा रिचार्ज मीच इथून करते. आईकडे साधा टूजी बटणांचा फोन आहे आणि तो सोडायला ती तयार नाही. बाबांकडे दोन सिमचा स्मार्टफोन आहे, पण घरी वायफाय असल्यामुळे त्यांचं व्हॉट्सॲप आणि कीर्तनं त्यावरच चालतात. थोडक्यात, पॅकमधला डेटा दोघांचाही तसाच पडून राहतो.

आतापर्यंत एअरटेलचा १९९ चा मारत होते. २८ दिवस, अनलिमिटेड कॉल, २ जीबी. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज होतात. म्हणजे एका नंबरचे २,५८७ रुपये, आणि आईने बाहेर लावलेले फोन म्हणजे दुधाचा, औषधाच्या दुकानाचा आणि मावशीचा. मला तर ती अजूनही मिस्ड कॉलच देते! "अगं, फुकट आहे, बोल की," म्हटलं तर "कंपनीचा काय भरवसा" असं उत्तर मिळतं.

ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक ठेवायला सांगितलं. जानेवारीत ते आले, आणि ओरड झाल्यावर दर थोडे उतरवले. आता मला दिसतंय ते असं: एअरटेल ४६९ मध्ये ८४ दिवस, १,८४९ मध्ये ३६५ दिवस. जिओ ४४८ मध्ये ८४ दिवस, १,७४८ मध्ये ३३६ दिवस. व्हीआय ४७० मध्ये ८४ दिवस, १,८४९ मध्ये ३६५ दिवस.

जिओचा १,७४८ चा स्वस्त वाटतो, पण तो ३३६ दिवसांचाच आहे. दिवसाला भागलं तर ५ रुपये २० पैसे पडतात. बाकी दोघांचे १,८४९ वाले ५ रुपये ७ पैसे. माझा हिशेब बरोबर आहे ना?

आता प्रश्न. आईला वर्षाचा मारून मोकळं व्हावं का? मध्येच फोन बिघडला किंवा रेंज गेली तर पैसे अडकतील अशी धास्ती वाटते. दुसरं, बाबांचं दुसरं सिम फक्त बँकेच्या ओटीपीसाठी आहे, त्यावर कोणी फोन करत नाही. २० रुपये शिल्लक ठेवली की सिम चालू राहतं असं व्हॉट्सॲपवर फिरतंय. खरं आहे का?

प्रतिसाद १

हिशेब बरोबर. पण जाहिरातीत एक गंमत दडली आहे ती बघा. एअरटेलचा वर्षाचा पॅक जुलै २०२४ च्या दरवाढीआधी १,७९९ ला होता आणि त्यात २४ जीबी डेटा होता. दरवाढीनंतर तोच १,९९९ झाला. आता डेटा काढून घेतला आणि १,८४९ मागतात. म्हणजे डेटासकट जेवढ्याला मिळत होता त्याहून ५० रुपये जास्त देऊन डेटाशिवाय घ्यायचा. याला ग्राहकाची सोय म्हणतात!

तरीही १९९ चे १३ मारण्यापेक्षा वर्षाला ७३८ रुपये वाचतात. तुमच्या आईंना तोच घ्या.

प्रतिसाद २

घाई नको, आधी फोन बघा. साध्या टूजी फोनमध्ये जिओचं सिम चालत नाही, कारण जिओचे कॉल ४जी-५जीवरूनच जातात. त्यामुळे आईंसाठी ४४८ आणि १,७४८ दोन्ही यादीतून गेले.

फोन बदलायची तयारी असेल तर मात्र चित्र पालटतं. जिओभारत हा बटणांचाच ४जी फोन जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आला. त्याचा २८ दिवसांचा पॅक १२३ चा आणि ३३६ दिवसांचा १,२३४ चा, अनलिमिटेड कॉल आणि रोज अर्धा जीबी डेटा धरून. दिवसाला ३ रुपये ६७ पैसे. नुसत्या कॉलिंगच्या पॅकपेक्षा डेटावाला पॅक स्वस्त, आहे की नाही उलटा न्याय? अट एवढीच की हा पॅक त्याच फोनवर चालतो. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलंत तर नाही, आणि त्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिमही चालत नाही. पहिल्या वर्षी फोनची किंमत धरून महाग पडेल, दुसऱ्या वर्षापासून फायदा.

धागाकर्ती

फोन बदलायचं नाव काढलं तर आई मलाच बदलेल. आणि गावात दोनच कंपन्यांची धड रेंज आहे, तिसरीसाठी गच्चीवर जावं लागतं. सुदैवाने तिचं आत्ताचं सिम घरात नीट लागतं.

प्रतिसाद ३

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो, म्हणून ओटीपीच्या प्रश्नाला उत्तर देतो. २० रुपयांची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. नियम २०१३ चा आहे, नवा नाही. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. पण खात्यात निदान २० रुपये असतील तर तेवढे कापून घेऊन आणखी ३० दिवस नंबर राखून ठेवायचा.

इथे 'नंबर राखणं' एवढंच अभिप्रेत आहे. पॅकची मुदत संपली की आउटगोइंग लगेच जातं, पुढे इनकमिंगही अडवतात, आणि मग ओटीपी येईलच याची खात्री नाही. नंबर तुमचा राहील, बँक मात्र संदेश पाठवत बसेल. त्यामुळे सर्वात चांगलं म्हणजे बँकेत अर्ज देऊन खात्याला बाबांचा मुख्य नंबर जोडा आणि दुसऱ्या सिमचा खर्चच मिटवा. म्हाताऱ्या माणसांच्या पैशाचा ओटीपी जो फोन रोज हातात असतो त्यावरच यावा.

जाता जाता. इनकमिंग फुकट झालं ते मे २००३ पासून. त्यानंतरही बरीच वर्षं एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत फोन गेला की पहिलीला दुसरीकडे मिनिटामागे काही पैसे भरावे लागत. ऑक्टोबर २०१७ पासून ते १४ चे ६ पैसे झाले आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. आज कंपनीला तुमच्या आईंच्या मिनिटांचं काही पडलेलं नाही. ती विकते मुदत. म्हणून दर ताडताना नुसता रुपयांचा आकडा बघू नका, दिवसांनी भागा. तुम्ही ते केलंच आहे.

प्रतिसाद १

साहेबांना अनुमोदन. आणखी एक, अनलिमिटेडमध्ये परदेशी लावलेले फोन धरलेले नसतात. नातेवाईक बाहेर असतील तर त्यांनाच लावू दे. एसएमएसही मोजकेच असतात, ४६९ मध्ये ९०० आणि वर्षाच्या पॅकमध्ये ३,६००. येणारे ओटीपी त्यात धरत नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. बँकेचं काम पुढच्या फेरीत उरकते. आईला १,८४९ चाच मारणार, कारण तिचा फोन आणि रेंज दोन्ही ठरलेले आहेत. बाबांचं अजून ठरत नाही. त्यांना कंपनी बदलायची आहे, पण आत्ताच्या पॅकचे बरेच दिवस शिल्लक आहेत.

प्रतिसाद २

मग थांबा. पोर्ट केलं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, की उरलेली मुदत आणि शिल्लक दोन्ही बुडतात. पॅक संपायला आठवडाभर असताना त्यांच्या फोनवरून PORT हा इंग्रजी शब्द, एक जागा सोडून मोबाइल नंबर, असा एसएमएस १९०० ला पाठवा. जो कोड येईल तो चार दिवस चालतो, तेवढ्यात आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. आणि नव्या कंपनीत गेल्यावर लगेच वर्षाचा मारू नका, आधी ८४ दिवसांचा घ्या. पावसाळ्यात तिथली रेंज कशी राहते ते कळू दे. एकदा बदलल्यावर ९० दिवस पुन्हा बदलता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

रिचार्ज कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून करा, पैसे पाठवायच्या ॲपवाले वरचे दोन-तीन रुपये लावतात.