काउंटी कमिशनरचे अपडेट: कामाचे की नुसती जाहिरात?

डॅलसचा_दादरकर
टेक्सासवाल्यांसाठी धागा, बाकीचेही या. काउंटी म्हणजे इथला जिल्हा, आणि आमच्या प्रिसिंक्टच्या (काउंटीतल्या आमच्या भागाच्या) निवडून आलेल्या कमिशनरकडून नियमित अपडेट येतात, अमुक रस्ता बंद, बर्न बॅन (उघड्यावर जाळायला बंदी) लागू, बजेटची सुनावणी तमुक तारखेला, आणि शेवटी एखादी विनंती असतेच, सुनावणीला या, राजधानीत, ऑस्टिनला आमदाराला फोन करा वगैरे. आपल्या ग्रुपवर कुणीतरी ते फॉरवर्ड करतं, चार अंगठे पडतात, संपलं. माझं म्हणणं असं की अपडेटला किंमत तेव्हाच जेव्हा ते निर्णयाच्या आधी येतं, ठराव झाल्यावर "कळवण्यास आनंद होतो" चं काय लोणचं घालायचंय? आणि आपण तरी कुठे आधी आलेलं वाचतो. प्रॉपर्टी टॅक्सचा म्हणजे घरपट्टीचा दर ऑगस्ट-सप्टेंबरात ठरतो तेव्हा हॉल रिकामा, ऑक्टोबरात बिल आलं की सगळे खडबडून जागे.

प्लेनोचे_काका
दादरकर, भाबडे आहात हो. ही सगळी पुढच्या निवडणुकीची पेरणी. फीत कापतानाचा फोटो, शेरीफसोबत फोटो, शाळेत मुलांसोबत फोटो. आपल्याकडे चौकात फ्लेक्स लागायचे, इथे इनबॉक्समध्ये न्यूजलेटर येतं, फरक काय तो कापडाचा. मी अनसबस्क्राइब केलंय आणि माझं काही अडलेलं नाही.

कुंपणाबाहेरचा
काका तुमचं अडत नाही कारण तुम्हाला प्लेनो सिटी आहे. आम्ही कुठल्याच शहराच्या हद्दीत नाही, साडेतीन एकर, पुढे काउंटी रोड. रस्ता, गटार, पोलीस म्हणजे शेरीफ, सगळं काउंटीकडेच. मागच्या वादळात हॅकबेरीच्या एवढाल्या फांद्या पडल्या, ढीग करून ठेवला, वाळला की पेटवू म्हटलं, आणि त्याच आठवड्यात बर्न बॅन लागला. अपडेट वाचलं नसतं तर काडी लावली असती आणि 500 डॉलरपर्यंत दंड. गवत पेटलं असतं ते वेगळंच. तेव्हा जाहिरात असेल तर असू दे, मला हवीय.

कलम_बहाद्दर
थोडी माहिती, कारण निम्मं भांडण चुकीच्या दारात चाललंय. टेक्सासात 254 काउंट्या, प्रत्येकीत एक काउंटी जज (नावाला जज, पण काउंटीचा प्रमुख) आणि चार कमिशनर, हे पाच जण मिळून कारभार बघतात. पण राज्याने दिलेत तेवढेच अधिकार. शेजारी काँक्रीटचा प्लांट येतोय, थांबवा म्हटलं तर झोनिंगचा, म्हणजे कुठे काय बांधायचं ते ठरवण्याचा, अधिकारच काउंटीला जवळपास नाही. टॅक्ससाठी घराची किंमत ठरवतं अप्रेझल डिस्ट्रिक्ट नावाचं वेगळं कार्यालय, तिथे प्रोटेस्टची (हरकतीची) मुदत साधारण 15 मे. बिलातला मोठा वाटा शाळांचा. म्हणून "आमच्या हातात नाही" हे कमिशनर म्हणतो ते बरेचदा खरंच असतं.
आणि काका, काउंटीच्या पैशातून "बाँडला (कर्ज काढायच्या मतदानाला) हो म्हणा" असा प्रचार करता येत नाही, कायद्याने बंदी आहे. किती पैसे, कशासाठी, एवढंच सांगता येतं. स्वतःच्या प्रचाराच्या पैशातून काय छापतील ते छापोत.

प्लेनोचे_काका
बरं झालं सांगितलंत. म्हणजे हातात काही नाही, आणि विनंत्या मात्र दर वेळी! "ऑस्टिनला फोन करा" म्हणजे स्वतःच्या डोक्यावरचं ओझं आमच्या डोक्यावर. मग आम्ही निवडून कशाला दिलंय तुम्हाला?

मॅकिनीची_मीनल
इथे मी अर्धी काकांच्या बाजूने. हायवे 380 चा बायपास आठवतोय ना? मॅकिनीत टकर हिल वसाहतवाले म्हणत होते आमच्या कडेने नको, प्रॉस्परवाले म्हणत होते आमच्याकडून नको, तिथे घोड्यांवर बसवून मुलांना थेरपी देणारं केंद्र आहे. दोन्हीकडचे लोक मीटिंगांना गेले, पत्रं लिहिली, आणि शेवटी 2023 मध्ये राज्याच्या रस्ते खात्याने टकर हिलच्या बाजूचाच मार्ग पक्का केला. काउंटीने नाही, राज्याने. म्हणजे हजेरी लावली की जिंकता असं काही नसतं. पण नकाशे आधी हातात पडले म्हणून निदान वाद तरी मुद्द्यावर झाला, हे मान्य करावं लागेल.

खड्ड्यात_गेलेला
मी दुसऱ्या राज्यात, काउंटीचं नाव घेत नाही. घरासमोरच्या वळणावर पाणी साचतं म्हणून ऑनलाइन तक्रार टाकली. काही दिवसांनी ईमेल, "तुमची रिक्वेस्ट पूर्ण झाली." बाहेर जाऊन बघतो तर डबकं जसंच्या तसं, शेजारी एक नारिंगी कोन ठेवून गेलेत. आणि त्याच महिन्याच्या अपडेटमध्ये "इतक्या तक्रारींचं निवारण". त्यात माझं डबकंही मोजलेलं असणार!!

कोथरूडहून
निदान कुणीतरी अपडेट देतंय तुम्हाला. पुणे-मुंबईत मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळात प्रशासक. ड्रेनेज तुंबलं तर माजी नगरसेवकाला फोन करायचा, तो म्हणणार मी आता कुणी नाही, पण बघतो. फ्लेक्स मात्र तेव्हाही लागत होतेच, काका.

व्हिसावरची_वर्षा
सगळे निवडणूक निवडणूक करताय. आम्ही एच-वन-बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत, मत नाही आणि कधी मिळेल ते देव जाणे. घर घेतलंय, प्रॉपर्टी टॅक्स तुमच्याइतकाच भरतो. काकांना कमिशनर पटला नाही तर पाडता येतो, मला ती सोय नाही. माझ्याकडे काय आहे तर ते अपडेट आणि सुनावणीतली दोनतीन मिनिटं. बोलायला सिटिझन असावं लागत नाही ना?

कलम_बहाद्दर
नाही लागत. 2019 पासून कायदाच आहे, अजेंड्यावरच्या विषयावर निर्णय व्हायच्या आधी लोकांना बोलू द्यावंच लागतं, वेळेची मर्यादा घालू शकतात. मात्र विषय अजेंड्यावर नसेल तर ते चर्चा करू शकत नाहीत, फार तर माहिती देतील किंवा पुढच्या अजेंड्यावर घ्यायचं बोलतील. तोंडाकडे बघत गप्प बसले तर उद्धटपणा समजू नका.

डॅलसचा_दादरकर
हेच तर म्हणतोय मी. वर्षासारखे आपल्यात कितीतरी आहेत, आणि आपण त्यांना सांगतो अनसबस्क्राइब करा. माझी कमिशनरला उलटी विनंती आहे, मीटिंग संध्याकाळी घ्या. कॉलिन काउंटीत (प्लेनो-मॅकिनीवाली) सोमवारी दुपारी असते, भर ऑफिसात कोण जाणार? दहा लाखांवर वस्ती, चार कमिशनर, म्हणजे एकेकाच्या वाट्याला अडीच लाखांहून जास्त माणसं, आणि दुपारी तिथे बसायला मोकळे फक्त बिल्डरांचे वकील.

प्लेनोचे_काका
वर्षाताईंचा मुद्दा वेगळा, तो मान्य. बाकी माझं मत तेच, मी नोव्हेंबरात मतपेटीत सांगेन.

मॅकिनीची_मीनल
काका, आपल्या काउंटीत मार्चच्या प्रायमरीतच (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) बहुतेक ठरलेलं असतं. नोव्हेंबरात सांगून काय उपयोग?

व्हिसावरची_वर्षा
बोलायचा फॉर्म आधी भरायचा की तिथे जाऊन? नवऱ्याला ऑफिसातून निघायला सांगते.

कलम_बहाद्दर
काउंटीगणिक बदलतं, आदल्या दिवशी फोन करून विचारा. अजेंड्यावरचा आयटम नंबर मात्र लिहून न्या, बहुतेक ठिकाणी तो विचारतात.