फोटोत केस सरळ, डोक्यावर कुरळे आणि रविवारी बघायला येणारेत

हरभट_रोडची:
ताईंनो, जरा घाईचा प्रश्न आहे. मी सांगलीची, वय २६. केस लहानपणापासून कुरळे, म्हणजे नुसते वेव्ही नाहीत, पेन्सिलीला गुंडाळून सोडल्यासारखे. शाळेत झिपरी म्हणायचे, त्याचं आता काही वाटत नाही. गेली तीन वर्षं नीट सांभाळतेय, ओले असतानाच मोठ्या दातांच्या फणीनं विंचरायचे, जवसाचं जेल घरी करते, टॉवेलऐवजी जुना टीशर्ट बांधते वगैरे, आणि खरं सांगू का, आत्ता कुठं ते मला आवडायला लागलेत.

घोळ असा झालाय की स्थळांसाठी जो फोटो फिरतोय तो मामेबहिणीच्या लग्नातला आहे आणि त्यात माझे केस स्ट्रेटनरनं एकदम सरळ केलेले. आता रविवारी कराडचे लोक येणारेत. आई म्हणते फोटोत एक आणि दारात दुसरीच असं नको दिसायला, पुन्हा सरळ करून घे, एका दिवसानं काय होतंय. मावशी तर म्हणते पार्लरमध्ये जाऊन केस सरळ ठेवणारं केरॅटिनच करून टाक, सहा महिने कटकट नाही. बाहेर पावसाची रिपरिप थांबत नाहीये. एकदा स्ट्रेट केले तर माझे कुरळे परत येतील ना? की तीन वर्षांची मेहनत पाण्यात?

पोवई_नाका_पार्लर:
साताऱ्यात माझं छोटं पार्लर आहे, चौदा वर्षं झाली, म्हणजे तू सरळ करून घेतलेस तर आमच्यासारख्यांचेच पैसे होतात, तरी सांगते. एकदा केल्यानं केस मरत नाहीत. पण कसे केले त्यावर सगळं आहे. बऱ्याच मशीन २३० डिग्रीपर्यंत जातात आणि कुरळे केस दिसले की हात आपोआप शेवटच्या आकड्यावर जातो, तिथंच वाट लागते. तुझे बारीक असतील तर १५०च्या आसपास, जाड राठ असतील तर १८०, त्याच्या वर जाऊच द्यायचं नाही. बट पातळ घ्यायची आणि एकदाच सावकाश फिरवायची. जाड बट घेऊन पाच वेळा ओढणं म्हणजे पाच वेळा भाजणं. आधी हीट प्रोटेक्टंट मारायचा, त्यानं चटका कमी होतो, पूर्ण वाचत नाही हे पण लक्षात ठेव. खोबरेल लावून मशीन फिरवायची नाही, काही जणी चमक येते म्हणून करतात.

आणि मावशींचं केरॅटिन नको गं. ते केसाला लावून वर मशीन फिरवली की जो धूर निघतो त्यात फॉर्मल्डिहाईड असतं, डोळे झोंबतात, मला स्वतःला खोकला लागायचा म्हणून मी बंद केलं. आता बाटलीवर फॉर्मल्डिहाईड फ्री लिहितात आणि आत ग्लायॉक्सिलिक ॲसिड असतं, त्यानं काही बायकांच्या किडनीला त्रास झाल्याच्या केसेस परदेशातल्या डॉक्टरांनी मांडल्यात. एका रविवारच्या पोह्यांसाठी एवढं कशाला?

तासगावची_मॅडम:
मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, सवयीनं थोडं लांबण लागेल.
केसात दोन प्रकारच्या गाठी आहेत असं समज. कुरळेपणा पक्का धरून ठेवतात त्या गंधकाच्या, म्हणजे डायसल्फाइड बॉंड, त्या जरा हट्टी. दुसऱ्या हायड्रोजन बॉंड, त्या पाण्यानं नाहीतर उष्णतेनं सुटतात आणि केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा बसतात. सुती साडीला इस्त्री करतो तसंच, कडक दिसते आणि पावसात गेली की चुरगळते. म्हणून तुझे केस धुतल्यावर परत कुरळे होतील, आणि म्हणूनच या दमट हवेत चहाचा ट्रे आणेपर्यंत अर्धे वर आलेले असतील 😄 रिबॉंडिंगवाले केमिकलनं त्या गंधकाच्या गाठीच तोडून सरळ आकारात पुन्हा बांधतात, ते मग परत येत नाही, मुळातून नवीन उगवेल तेवढंच कुरळं.

पण साडीची उपमा इथंच सोडायची. साडीवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवतो, केसाला ते अजिबात नाही. ओलसर केसावर मशीन लागली की आतल्या पाण्याची वाफ होते, केसाच्या आत फुगे धरतात आणि केस तिथूनच तुटतो. चर्र आवाज आला की समजायचं. आणि २०० डिग्रीच्या पुढं केस ज्या प्रथिनाचा बनतो ते केराटिनच बिघडायला लागतं, मग धुऊन, तेल लावून, जवस लावून काही उपयोग नाही.

मिरजेची_पोरगी:
मॅडम म्हणतात ते बिघडलेलं मी डोक्यावर वागवलंय. पुण्यात होस्टेलला होते, रूममधल्या सगळ्यांचे सरळ, म्हणून मीपण घेतली मशीन, रोज सकाळी लेक्चरच्या आधी, फुल हीटवर, कधी कधी केस अर्धवट ओलेच, दोन वर्षं. सुरुवातीला धुतले की कुरळे यायचे, मग आळसावल्यासारखे यायला लागले, मग एक दिवस पुढच्या बटा आल्याच नाहीत. सरळ पण नाहीत, केरसुणीच्या काड्या. मागं कुरळे पुढं काड्या असं ध्यान घेऊन मी दिवाळीला घरी आले, आजी म्हणाली काय गं, आजारी होतीस का?

शेवटी खांद्यापर्यंत कापले. केस महिन्याला एक-सव्वा सेंटीमीटर वाढतो, हिशोब कर. मला पहिल्यासारखी लांबी यायला अडीच वर्षं लागली आणि त्यात नवीन कुरळं आणि जुनं सरळ जिथं जुळतं तिथं तुटायचं ते वेगळंच. तू एकदाच करणार आहेस, मान्य. पण मीपण एकदाच म्हणून केलेलं. तुझ्या आईला एक विचार, लग्न ठरलं तर साखरपुड्याला काय करायचं? केळवणाला? मग लग्नानंतर तिकडं रोज?

कोयना_एक्सप्रेस:
पुरुषाचं मत चालत असेल तर. आमचं लग्न पण असंच. बघायला गेलो तेव्हा सरळ, साखरपुड्याला सरळ, लग्नात अंबाडा. लग्नानंतर हिनं घरी पहिल्यांदा डोक्यावरून आंघोळ केली आणि बाहेर आली तर मी खरंच विचारलं, काय झालं तुला?? अजून ऐकवते. मला कुरळे आवडतात हो, पण हे तेव्हा कुणी विचारलंच नाही ना. आमची आई मात्र दोन महिने म्हणत होती, फोटोत वेगळं होतं.

हरभट_रोडची:
दादा, तुमचं वाचून आईला हसू आलं, म्हणजे अर्धं काम झालं 😂 पण अजून म्हणतेय लग्नात नवरी कुरळी कशी दिसेल, खोपा नीट बसणार नाही.

पोवई_नाका_पार्लर:
आईंना सांग, नवरीचे केस एकदम सरळ सुळसुळीत असले की आम्ही आधी ते कर्ल करून घेतो, नाहीतर पिना घसरतात आणि गजऱ्याच्या वजनानं अंबाडा मानेवर येतो. तुला ते देवानं फुकट दिलंय.

तरी मन मानत नसेल तर एक कर. मागची, आतली एकच बट घे, पूर्ण वाळलेली. ती सरळ कर, दुसऱ्या दिवशी धू आणि बघ कशी येते. नीट आली तर एका दिवसापुरतं करायला माझी ना नाही, पण तुझं तू ठरव.

हरभट_रोडची:
केलं. बहिणीच्या मशीनवर आकडेच नाहीत हो, नुसता लाल दिवा. बट वरून छान कुरळी आली पण खालचं बोटभर टोक सरळच राहिलं, तीनदा भिजवलं तरी. टोकं जुनी असतात म्हणून का?

तासगावची_मॅडम:
हो. टोक सगळ्यात जुनं, ऊन, फणी, बोअरचं पाणी सगळं त्यानंच सोसलेलं. आणि आकडा नसलेली मशीन किती तापते ते तिलाच ठाऊक. ती बहिणीलापण वापरू देऊ नकोस.

हरभट_रोडची:
मंडळी, शेवटचं. सरळ करत नाहीये. काल केस धुऊन, वाळवून, गच्चीच्या दारात उभं राहून फोटो काढला, सगळे कुरळे मोकळे, आणि मावशीकरवी कराडला पाठवला. मावशी पाठवायला तयार नव्हती, आईनंच दम दिला. संध्याकाळपर्यंत काही उत्तर नाही, आई सारखी फोन बघतेय, मी पण बघतेय खरं तर. रात्री साडेनऊला आलं. चारऐवजी पाचला येतो म्हणाले, आणि सोबत एक काकू वाढल्यात. केसाबद्दल एक अक्षर नाही.

त्या बटेचं टोक कापलं.